जिन्याखालची हिरो होंडा

गिरणगावात मोटरसायकल उशिरा आली, कारण तिची गरजच नव्हती. माझे आजोबा गिरणीत होते. पहिला भोंगा झाला की खोलीतून निघायचे आणि दुसऱ्या भोंग्याच्या आत खात्यात हजर. अख्खी वस्तीच तशी वसलेली. मध्ये गिरण्या, भोवती चाळी, आणि दोन्हींतलं अंतर पायी चालण्याएवढं. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला, सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले आणि त्यातल्या कितीतरी जणांना ती नोकरी परत मिळालीच नाही. माणसं लालबाग-परळमध्येच राहिली, काम मात्र लांब गेलं.

पप्पांना काम मिळालं अंधेरीच्या एका छापखान्यात, रात्रपाळीचं. पाळी सुटायची अडीचला. तेव्हा शेवटची लोकल गेलेली असायची आणि पहिलीला वेळ असायचा. सुरुवातीची काही वर्षं ते तिथेच कागदाच्या गठ्ठ्यांवर आडवे व्हायचे आणि पहाटे घरी यायचे. १९९४ मध्ये त्यांनी पतपेढीचं कर्ज काढून हिरो होंडा सीडी १०० घेतली. आमच्या चाळीतली ती दुसरी मोटरसायकल. म्हणजे ही गाडी हौसेची नव्हती. लोकल बंद असण्याच्या दीड-दोन तासांसाठी घेतलेली गाडी होती ती.

२००९ मध्ये छापखाना शहराबाहेर गेला आणि कामगारांसाठी बस सुरू झाली. त्याच वर्षी गाडीला पंधरा वर्षं झाली. खाजगी गाडीची पहिली नोंदणी पंधरा वर्षांची असते, पुढे दर पाच वर्षांनी ती वाढवून घ्यावी लागते. मी तेव्हा सातवीत होतो, ताई दहावीत. तिच्या क्लासची फी आणि गाडीचं काम यात निवड करण्यासारखं काही नव्हतं. पप्पांनी गाडी जिन्याखाली लावली आणि वर जुनी चादर टाकली. ती तिथे सोळा वर्षं राहिली.

चाळीत न राहिलेल्या माणसाला यातली गंमत कळणार नाही. जिन्याखालची जागा कोणाचीच नसते आणि म्हणून सगळ्यांची असते. तिथे तळमजल्यावरच्या काकूंचा पाण्याचा ड्रम होता, मंडळाचे बांबू होते, तीन सायकली होत्या. सोळा वर्षांत गाडी हलवा असं कोणी म्हणालं नाही. चाळीत जागेचा हक्क कागदावर कमी आणि सवयीवर जास्त चालतो.

मग गेल्या वर्षी चाळीचा पुनर्विकास ठरला. खोल्या रिकाम्या करायची तारीख आली. गाडीचं काय, हा प्रश्न सगळ्यांना सोपा वाटत होता. भंगारवाला साडेतीन हजार देत होता.

मी विचारलं, "पप्पा, देऊन टाकायची का?"

ते म्हणाले, "आधी चालू तर करून बघू. नाहीच झाली तर देऊ."

मी दिवसभर ज्या सिस्टीमवर काम करतो तिच्यातला बिघाड मला कधी डोळ्यांनी दिसत नाही. लॉग वाचून अंदाज बांधायचा. सीडी १०० चं इंजिन ९७.२ सीसीचं, कुठेही सेन्सर नाही की संगणक नाही. आमच्या गल्लीतल्या मेकॅनिक काकांनी पहिल्याच दिवशी सांगितलं, तीनच गोष्टी बघायच्या: पेट्रोल पोचतंय का, ठिणगी पडतेय का, दाब बनतोय का.

तिन्हींची उत्तरं नकारार्थी होती. टाकीत पेट्रोलचा चिकट डिंक आणि खाली गंज. इंजिन जाम. काकांनी प्लग काढून त्या भोकातून तेल सोडलं आणि तीन दिवस गाडीला हात लावू दिला नाही. चौथ्या दिवशी टॉप गिअर टाकून मागचं चाक हाताने मागे-पुढे हलवलं, तेव्हा पिस्टन सुटला. टाकीत नटबोल्ट आणि थोडं रॉकेल घालून ती आम्ही दोघांनी आळीपाळीने हलवली. आतून तांबडं पाणी निघत राहिलं. कार्बोरेटरचे जेट बारीक तारेने मोकळे केले. क्लच प्लेट एकमेकींना चिकटलेल्या, ब्रेक लायनर ड्रमला. टायर दगडासारखे. पेट्रोलची नळी आणि रबराच्या सगळ्या सील नव्या घातल्या, कारण आता पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल असतं आणि जुन्या रबराला ते मानवत नाही.

सुट्या भागांसाठी चोरबाजार आणि कुर्ल्याचा सीएसटी रोड पालथा घालायची माझी तयारी होती. फारशी वेळ आली नाही. १९९४ मध्येच आलेल्या स्प्लेंडरचं इंजिन याच घराण्यातलं, आणि स्प्लेंडर आजही गल्लोगल्ली आहे. हिरो आणि होंडा २०१० मध्ये वेगळे व्हायचं ठरवून बसले, तरी त्यांच्या संसारातले नटबोल्ट अजून मिळतात. अकराव्या दिवशी किक लागली. आई वरच्या गॅलरीतून म्हणाली, "सायलेन्सरचा आवाज बदललाय." तीस वर्षांपूर्वी रात्री तीनला तो आवाज ऐकल्याशिवाय तिला झोप लागायची नाही. तिचं म्हणणं काकांनीही मान्य केलं. सायलेन्सर आतून सडला होता.

इंजिन चालू झालं म्हणजे गाडी रस्त्यावर आली असं नाही. अॅपमध्ये नंबर टाकला तर अशी गाडीच सापडेना. जुन्या गाड्यांच्या नोंदी वहीत असतात, त्या आधी संगणकावर चढवून घ्याव्या लागतात. शिवाय नोंदणीशिवाय गाडी रस्त्यावर चालवता येत नाही, आणि नोंदणीसाठी ती तपासणीला न्यावी लागते. म्हणून चालती गाडी टेम्पोत घालून नेली. वीस वर्षांपेक्षा जुन्या दुचाकीची नूतनीकरण फी ऑगस्ट २०२५ पासून २,००० रुपये आहे, हरित कर वेगळा. विमा, पीयूसी, नवी हाय सिक्युरिटी नंबर प्लेट. चॅसिस नंबरवर कागद ठेवून पेन्सिल घासायची आणि ठसा घ्यायचा, हे काम पप्पांनी केलं. हात न थरथरू देता, छापखान्यात प्रूफ काढल्यासारखं.

त्या कागदांच्या फाइलमध्ये मला त्यांचं लायसन्स दिसलं. चालू होतं. गाडी चादरीखाली असताना त्यांनी ते दर वेळी मुदत संपायच्या आत वाढवून घेतलं होतं, चाळिशीनंतर लागणाऱ्या डॉक्टरच्या दाखल्यासकट. घरात कोणाला माहीत नव्हतं. मी विचारलं तर म्हणाले, "असू दे म्हटलं." मी पुढे विचारलं नाही.

ज्या वर्षी गाडी झोपली त्याच वर्षी वांद्रे-वरळी सागरी सेतू सुरू झाला. मग २०१३ मध्ये पूर्व मुक्त मार्ग, २०२४ मध्ये अटल सेतू आणि कोस्टल रोड. या चारही रस्त्यांवर दुचाकीला बंदी आहे. जवळपास सोळा वर्षांत शहराने मोठे रस्ते बांधले आणि त्यातल्या एकावरही पप्पांच्या गाडीला जागा ठेवली नाही. तिला उरला तो तोच, आंबेडकर रोड, लालबागच्या पुलाखालून. पहिल्या दिवशी मी मागे बसलो होतो. भारतमातापाशी सिग्नलला थांबल्यावर पप्पांनी न्यूट्रल टाकलं आणि हँडलवर बोटांनी ताल धरला. मी ते कधी पाहिलं नव्हतं.

मी स्वतः ऑफिसला चालत जातो. लोअर परळला, गिरणीच्या जागेवर उभ्या असलेल्या काचेच्या इमारतीत. आजोबांसारखंच, पायी चालण्याएवढं अंतर. गाडीची गरज मधल्या एकाच पिढीला पडली, आणि तीच पिढी आता जागा रिकामी करतेय.

गेल्या महिन्यात विकासकाबरोबर रहिवाशांची बैठक झाली. नकाशात लिफ्ट होती, सोसायटीचं ऑफिस होतं, चारचाकींचं पार्किंग होतं. पप्पा एरवी बैठकीत बोलत नाहीत. ते उठले आणि म्हणाले, "दुचाकी कुठे लावायची?" मागून कोणीतरी हसलं. पप्पांनी खिशातून नवं आरसी काढून टेबलावर ठेवलं. मग दुसऱ्या मजल्यावरच्या स्विगीवाल्या मुलाने हात वर केला, मग तळमजल्यावरच्या काकूंच्या जावयाने. एकूण सात हात झाले. प्रश्न इतिवृत्तात लिहून घेतला गेला. उत्तर अजून आलेलं नाही.

सध्या आम्ही शिवडीला भाड्याच्या घरात आहोत. गाडी खाली उघड्यावर असते. दर रविवारी पप्पा ती चाळीपर्यंत नेऊन आणतात, इंजिन बसून राहायला नको म्हणून. चाळीला आता पत्रे लागलेत.