मजकूर कोणाचा?

आम्ही दोघे एकाच महाविद्यालयात, एकाच विभागात मराठी शिकवतो. आमच्यापैकी एकाचा विषय मध्ययुगीन वाङ्मय आणि दुसरीचा शैलीविचार. त्यामुळे ‘हा मजकूर कोणाचा?’ या प्रश्नाशी आमचा संबंध रोजचाच आहे. एम.ए.च्या वर्गात पाठचिकित्सा शिकवताना आम्ही गेली अनेक वर्षे एक वाक्य ठेवणीतले म्हणून वापरत आलो : शैली ही लेखकाची सही असते, आणि ती खोटी करता येत नाही. या वाक्याचा आज आम्हांला संकोच वाटतो. तो का वाटतो, हे सांगण्यासाठी आधी दोन अमेरिकी खटल्यांविषयी लिहावे लागेल आणि नंतर आमच्याविषयी.

पहिला खटला मेरीलँड राज्यातला. २००५ च्या एप्रिलमध्ये पेरीव्हिल या गावातल्या एका बारमध्ये गोळीबार झाला आणि एक माणूस मारला गेला. आरोपीवरचा पहिला खटला निकालाविना संपला. दुसऱ्या वेळी एका साक्षीदाराने आपली साक्ष बदलली. आरोपी मृताच्या मागोमाग स्वच्छतागृहात गेला नव्हता, असे तो पूर्वी म्हणाला होता; आता म्हणाला की, गोळ्या झाडल्या गेल्या तेव्हा आत मृताखेरीज आरोपीच होता. आधी खोटे का बोललास, असे विचारल्यावर त्याने सांगितले की, आरोपीच्या मैत्रिणीने आपल्याला धमकावले होते. सरकार पक्षाने त्याला पुष्टी म्हणून ‘माय स्पेस’ या संकेतस्थळावरच्या एका पानाची छापील प्रत पुढे केली. पानावर टोपणनाव होते. त्या मैत्रिणीची जन्मतारीख होती, गाव होते, जोडप्याचे छायाचित्र होते, आणि आरोपीचे घरगुती नाव घेऊन ‘चुगली करणाऱ्यांना टाके पडतात’ अशा अर्थाचा इशारा होता. ही मैत्रीण स्वतः साक्षीला उभी राहिली होती. पण ‘हे पान तुझे का?’ हा प्रश्न तिला कोणी विचारलाच नाही. आरोपी दोषी ठरला. मधल्या अपील न्यायालयानेही शिक्षा कायम केली. पुढे २८ एप्रिल २०११ रोजी राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने बहुमताने ती रद्द केली आणि फेरसुनावणीचा आदेश दिला. कारण साधे होते : जन्मतारीख आणि छायाचित्र कोणीही चिकटवू शकतो, पान एखाद्या व्यक्तीविषयी आहे म्हणून ते त्या व्यक्तीने लिहिले असे होत नाही. मग शाबिती करावी कशी? न्यायालयाने तीन वाटा सुचवल्या : त्या व्यक्तीलाच विचारा, तिचा संगणक तपासा, किंवा संकेतस्थळाकडून माहिती मागवा.

दुसरा खटला टेक्ससमधला. डॅलसच्या एका नाइट क्लबमध्ये दोन टोळक्यांत शब्दाने शब्द वाढला. क्लब सुटल्यावर महामार्गावर त्यांच्या गाड्या पुन्हा समोरासमोर आल्या, गोळ्या झाडल्या गेल्या आणि एक तरुण ठार झाला. पहिली गोळी कोणी झाडली, कोणत्या गाडीतून झाडली, याविषयी साक्षी एकमेकींशी जुळत नव्हत्या. अशा वेळी मृताच्या बहिणीने माय स्पेसवरची काही पाने शोधून काढली आणि सरकारी वकिलांना दिली. त्यांवर आरोपीची छायाचित्रे होती, त्याचे टोपणनाव होते, मृताच्या अंत्यविधीला वाजवलेले गाणे होते. कोणी चुगली केली याविषयीचा राग होता, आणि पायात अडकवलेल्या इलेक्ट्रॉनिक पट्ट्याची तक्रार होती. भांडण क्लबमध्ये सुरू झाले, महामार्गावर त्याने जीव घेतला, आणि तरीही ते संपले नव्हते. मेलेल्याच्या नावाने ते पडद्यावर चालूच होते. बचाव पक्षाचा युक्तिवाद मेरीलँडसारखाच : ही पाने कोणीही तयार केलेली असू शकतात. परंतु टेक्ससच्या सर्वोच्च फौजदारी न्यायालयाने २०१२ च्या फेब्रुवारीत शिक्षा कायम केली. एवढे सगळे तपशील एकत्र जुळून येतात तेव्हा ‘हे आरोपीचेच’ असे ज्युरीला वाटू शकते. दुसऱ्या कोणी रचल्याची शक्यता तोलणे हे ज्युरीचे काम, असे त्या न्यायालयाचे म्हणणे.

अवघ्या दहा महिन्यांच्या अंतराने आलेले हे दोन निकाल आम्ही समोरासमोर ठेवून वाचले, तेव्हा आम्हांला ते परके वाटले नाहीत. ही तर आपलीच भाषा! मजकुराच्या पोटातले तपशील पाहून कर्ता ठरवायचा, म्हणजे अंतःप्रमाण. आणि मजकूर कोणाकडून, कोणत्या हातांतून आला ते पाहायचे, म्हणजे बहिःप्रमाण. टेक्ससचा भर पहिल्यावर, मेरीलँडचा दुसऱ्यावर. आपल्याकडे ‘तुका म्हणे’ ही नाममुद्रा शेवटच्या चरणात आली म्हणजे अभंग तुकोबांचा, असे मानणारा भाविक असतो. आणि मुद्रा कोणीही लावू शकतो, आधी वही कोणाची ते सांगा, असे विचारणारा संपादकही असतो. १८६९ आणि १८७३ साली इंदुप्रकाश छापखान्याने गाथेचे दोन खंड काढले, तेव्हा संपादकांना हस्तलिखितांच्या मागे फिरावे लागले, ते याचसाठी. नामदेवांच्या गाथेत विष्णुदास नाम्याची रचना किती मिसळली, याचा वाद अजूनही पुरता मिटलेला नाही. भांडारकर संस्थेने १९१९ मध्ये हाती घेतलेली महाभारताची चिकित्सक आवृत्ती पूर्ण व्हायला १९६६ साल उजाडले. वगळलेला मजकूर त्या पंडितांनी फेकून न देता तळटिपांत आणि परिशिष्टांत जपून ठेवला. उद्या कोणाला आपली चूक दिसली तर त्याला ती दुरुस्त करता यावी, हा त्यामागचा विवेक.

हे सगळे आम्हांला ठाऊक होते. शिकवत होतो. आणि तरीही पुढची गोष्ट घडली.

काही वर्षांपूर्वी आमच्या महाविद्यालयाच्या स्नेहसंमेलनाच्या आठवड्यात, द्वितीय वर्षाच्या व्हॉट्सॲप गटावर एका नव्याच क्रमांकावरून एक मजकूर आला. वर्गातल्या एका मुलीविषयी तो होता आणि तो इथे सांगण्यासारखा नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी दुचाकी लावण्याच्या जागेत मारामारी झाली. मुलीच्या चुलतभावाच्या डोक्यात लोखंडी सळई बसली. तो आठवडाभर अतिदक्षता विभागात होता. त्या आठवड्यात आम्ही सगळेच मोबाइल वाजला की दचकत होतो. तो वाचला, नाहीतर आमच्याही गावाच्या नावाने एक खटला उभा राहिला असता.

चौकशी समिती बसली. त्या क्रमांकाचा माग काढण्याची तसदी कोणी घेतली नाही. प्राचार्यांनी मजकुराची छापील प्रत आम्हां दोघांच्या हाती दिली आणि म्हणाले, “तुम्ही भाषेची माणसं. हे कुणाचं लिहिणं, तुम्हीच सांगा.”

खरे सांगायचे तर आम्हांला त्या वेळी थोडा अभिमानच वाटला. आमच्या विद्येला कोणी असे काम सांगितले नव्हते. आम्ही मजकूर चार-पाच वेळा वाचला. त्यात ‘लई’ होते, ‘नगं’ होते, प्रत्येक वाक्यानंतर तीन टिंबे होती, आणि ‘आणि’मधला ‘णि’ सर्वत्र दीर्घ होता. आमच्या डोळ्यांपुढे एकच मुलगा उभा राहिला. वाडीवरून सायकलने येणारा, चाचणीच्या उत्तरपत्रिकेतही बोलीत लिहिणारा, तीन टिंबांचा शौकीन. त्याच्या उत्तरपत्रिका काढल्या, शेजारी ठेवल्या, आणि आम्ही लिहून दिले : भाषिक लकबींवरून हा मजकूर अमुक विद्यार्थ्याचा असण्याची शक्यता दिसते. समितीच्या अहवालात आमच्या वाक्यातली ‘शक्यता’ गळाली. तो मुलगा ‘मी नाही’ एवढेच म्हणत राहिला. त्याचे सत्र रद्द झाले आणि त्याने महाविद्यालय सोडले. दाखल्यावर ‘वर्तणूक’ या शब्दापुढे ‘असमाधानकारक’ असे आले.

दीड-दोन वर्षांनी त्याच वर्गातला एक माजी विद्यार्थी भेटायला आला. बोलण्याच्या ओघात म्हणाला, “तो मेसेज आमच्यातल्याच एकानं लिहिला होता, सर. याच्या भाषेत लिहिलं की याच्यावर जाईल, हे सगळ्यांना माहीत होतं.” म्हणजे जी शैली खोटी करता येत नाही असे आम्ही वर्गात सांगत होतो, ती विशीतल्या एका मुलाने गंमत म्हणून खोटी केली होती, आणि ज्यांना ती ओळखता येते त्यांच्यावर, म्हणजे आमच्यावर, भरवसा ठेवूनच केली होती. आमच्या जागी शैलीचे काहीही न कळणारा कोणी असता तर त्याने निदान विचारले असते की, हा क्रमांक कोणाचा?

आम्ही त्या मुलाला शोधले. तालुक्याच्या गावी तो एका टेम्पोवर काम करतो. बसस्थानकासमोरच्या हॉटेलात त्यानेच आम्हांला चहा पाजला. आम्ही चुकलो, असे आम्ही म्हणालो. वाक्य तयार करून नेले होते, ते अर्धेच बोलता आले. तो बराच वेळ बशीकडे पाहत होता. मग म्हणाला, “मॅडम, ‘आणी’ तर सगळा वर्गच दीर्घ लिहायचा. तुम्हीच दर वेळी लाल शाईनं गोल करायचात.”

परत आल्यावर आम्ही विभागाच्या कपाटातले जुने गठ्ठे काढले. त्याचे म्हणणे खरे होते. अर्ध्याहून अधिक उत्तरपत्रिकांत तो ‘णी’ दीर्घ होता आणि त्याभोवती आमच्याच हातची लाल वर्तुळे होती. आम्ही एका मुलाच्या उत्तरपत्रिका पाहिल्या होत्या. बाकीच्यांच्या पाहिल्या नव्हत्या. पाठचिकित्सेच्या पहिल्याच तासाला आम्ही सांगतो की, एकाच पोथीवरून पाठ ठरवू नये.

त्यानंतर आम्ही कायद्याची पुस्तके चाळू लागलो. वरचे दोन निकाल हाती आले ते त्याच काळात. भारतातही हा प्रश्न आता नवा नाही. जालन्याच्या २०१४ च्या विधानसभा निवडणुकीवरून उद्भवलेल्या वादात सर्वोच्च न्यायालयाने १४ जुलै २०२० रोजी स्पष्ट केले की, मूळ यंत्रच हजर केले नसेल तर इलेक्ट्रॉनिक नोंदीच्या प्रतीसोबत कायद्याने ठरवलेले प्रमाणपत्र हवेच. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ मध्ये ते प्रमाणपत्र अधिक काटेकोर झाले आहे. पण प्रमाणपत्र यंत्राविषयी बोलते. नोंद या यंत्रातून जशीच्या तशी निघाली, एवढेच ते सांगते. कळा कोणाच्या बोटांनी दाबल्या, हे नाही. ते शेवटी माणसांनाच ठरवावे लागते.

आणि कधी कधी तर ठरवायला लेखकच उरत नाही. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातल्या राईनपाडा येथे, मुले पळवणारी टोळी आल्याच्या अफवेवरून जमावाने भटक्या नाथपंथी डवरी गोसावी समाजातल्या पाच जणांना ठार मारले. मोबाइलवरून फिरणाऱ्या अशा मजकुराला नाममुद्रा नसते. पुढे ढकलणारा प्रत्येक जण त्याचा थोडाथोडा लेखक असतो आणि विचारल्यावर कोणीच नसतो.

मेरीलँड आणि टेक्सस यांपैकी बरोबर कोण, यावर आमच्या दोघांत अजून एकमत नाही. एकाला वाटते की, मेरीलँडची अट फार कडक होती. पुढे २०१५ मध्ये त्याच न्यायालयाने ‘वाजवी विचाराच्या ज्युरी-सदस्याला खरे वाटू शकेल’ एवढा निकष स्वीकारला, हे तो दाखवून देतो. डॅलसच्या त्या बहिणीचे काय, असेही तो विचारतो. अट कडक ठेवली असती तर तिने शोधलेली पाने ज्युरीपुढे गेलीच नसती. दुसरी म्हणते, आपल्या हातून जे झाले त्यानंतर मी तरी छायाचित्र आणि टोपणनाव यांवर कोणाचे नाव घालणार नाही. आमचे एकमत आहे ते एका वेगळ्याच गोष्टीवर. त्या दोन्ही आरोपींना अपील होते. खालच्या न्यायालयाने वाचलेला मजकूर वरच्या न्यायालयाने पुन्हा वाचला, कसा वाचला ते कारणांसह लिहून ठेवले, आणि मेरीलँडमध्ये तर असहमत न्यायाधीशांचे मतही पाठभेदासारखे जपले. आमच्या विद्यार्थ्याचा मजकूर एकदाच वाचला गेला. वाचणारे आम्ही होतो आणि आमच्यानंतर कोणी नव्हते.

आम्ही प्राचार्यांना पत्र दिले : आमचे मत चुकीचे होते, ते आम्ही मागे घेतो, दाखल्यावरचा शेरा बदलावा. समितीच्या निर्णयावर अपिलाची तरतूद नाही, असे तोंडी उत्तर मिळाले. आम्ही दुसरे पत्र दिले आहे. त्यासोबत त्या वर्गाच्या जुन्या उत्तरपत्रिकांच्या छायाप्रती जोडल्या आहेत, लाल वर्तुळांसकट. त्याची पोच मिळाली आहे. उत्तर यायचे आहे.