डावीकडची जागा

रमजान जवळ आला की आमच्या मोहल्ल्यात जकातीच्या हिशेबाची घाई सुरू होते. अडीच टक्के काढणं कुणालाच जड नाही. पण सोनं, शिल्लक, येणं-देणं एकत्र मांडताना घोळ होतो. म्हणून आम्ही तिघा-चौघांनी पायथॉनमध्ये लहानसा प्रोग्राम लिहिला. एका वेळी एका घराची माहिती भरायची. रक्कम साडेबावन्न तोळे चांदीच्या किमतीइतकी किंवा जास्त असेल, तर तिचा चाळिसावा भाग जकात. त्याखालच्या ओळीत घराचं नाव यादीत. निसाबाखालच्या घरांची नोंद तर हवीच होती. जकात पोहोचवायची ती त्यांच्यातल्याच गरजूंना.

चाचणीत नेमकी तीच घरं यादीत येईनात. दुकानदार हजर, शिवणकाम करून मुलं सांभाळणारी बेवा गायब. प्रोग्राम मात्र कसलीच तक्रार न करता चालत होता.

पायथॉनमध्ये एखादी ओळ अटीच्या आत आहे की बाहेर, हे डावीकडे सोडलेल्या जागेवरून ठरतं. आम्ही तो मजकूर दुसऱ्या फाईलमधून उचलून व्हिम या एडिटरमध्ये चिकटवला होता. नवी ओळ सुरू झाली की वरच्या ओळीइतकी जागा आपणहून सोडायची, ही व्हिमची सोय. हाताने टाइप करताना ती फार बरी वाटते. पण जुन्या टर्मिनलमधून चिकटवलेला मजकूर म्हणजे कुणीतरी भराभर टाइप करतंय, असंच तो समजतो. मग ओळीची स्वतःची जागा आणि वर त्याने घातलेली जागा, अशी दुहेरी भर पडते. मजकूर मोठा असला की ओळींचा जिना होतो आणि तो लगेच डोळ्यांत भरतो. आमच्या शेवटच्या ओळीची स्वतःची जागा शून्य होती. वरच्या ओळीची जागा घेऊन ती गुपचूप अटीच्या आत जाऊन बसली.

इलाज साधा आहे. चिकटवण्याआधी 'कोलन सेट पेस्ट' आणि झाल्यावर 'कोलन सेट नोपेस्ट' अशी आज्ञा द्यायची. दुसरी विसरलात तर टाइप करतानाच्या इतर सोयीही बंदच राहतात. आठव्या आवृत्तीत नंतर झालेल्या सुधारणेपासून, टर्मिनलची साथ असेल तर, चिकटवलेला मजकूर व्हिम स्वतःच ओळखतो. पण आमचं मशीन त्याहून जुनं. बिघडलेली फाईल एडिटरकडूनच नीट करून घेता येते, ते सी भाषेत. तिथे महिरपी कंस असतात. पायथॉनमध्ये जागा हाच अर्थ. तो हरवला की एडिटर कशावरून ओळखणार?

या व्हिमचे कर्ते, डच प्रोग्रामर ब्रॅम मोलेनार २०२३ साली वारले. एडिटर त्यांनी फुकट दिला, आणि वापरणाऱ्यांना युगांडातल्या गरीब मुलांना मदत करायला सांगितलं.

आमच्यातला एक म्हणाला, आपोआप जागा सोडणं कायमचंच बंद करा. बाकीच्यांना ते पटलं नाही. शेवटच्या ओळीची जागा हाताने खोडली आणि आधी निसाबाखालच्या नोंदी भरून पाहिल्या. सगळी नावं उतरली. चांदीचा भाव कोणत्या दिवशीचा धरायचा, यावर मात्र अजून वाद चालू आहे.