निरगुडीचा फोक

ज्याला मार पडायचा त्यानेच फोक आणायचा, असा आमच्या शाळेचा सरळ न्याय होता. गुरुजी हजेरीतून मान वर न काढता म्हणायचे, "जा, नाल्यावरून निरगुडीचा फोक घेऊन ये." आम्ही निमूट निघायचो. जाऊन येईपर्यंत जो वेळ लागायचा, तोच खरा मार असायचा. हातावरचा त्यामानाने लवकर संपायचा. वाळका फोक नेला तर दोन फटक्यांत मोडतो म्हणून गुरुजी पुन्हा पाठवायचे, आणि आखूड नेला तर वर्ग हसायचा. जाडी करंगळीएवढी, लांबी हातभर, पानं ओरबाडून काढलेली, आणि वाकवला तर दोन्ही टोकं एकमेकांना भेटायला आली पाहिजेत. मोताळा तेव्हा तालुका नव्हता, सरकारी कामाला मलकापूर गाठावं लागे. त्या काळात इथल्या खेड्यांतल्या शाळांत शिकलेल्या आम्हा पोरांचा भागाकार आजही चुकेल, निरगुडीची पारख चुकणार नाही.

आता आमची सूनबाई जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. परवा प्रशिक्षणाहून आली तर हातात पाकिटातला अल्पोपाहार आणि खांद्यावर झोळी. "विषय काय होता?" मी विचारलं. "बाबा, मुलांना न मारता वर्ग कसा सांभाळायचा, ते." मला हसू आलं. तिला आलं नाही. म्हणाली, मार्गदर्शकांनी सुरुवातीलाच सांगितलं, शाळेत खाल्लेला मार आठवा आणि शेजारच्याला सांगा. मग काय, हॉलभर नुसता हशा. कोणी कोंबडा होऊन दाखवला, कोणी गुरुजींची नक्कल केली. एक पन्नाशीचे सर रंगात येऊन सांगत होते, सांगता सांगता मध्येच थांबले आणि बाटलीचं झाकण उघडून पाणी पीत बसले. पुढचं त्यांनी सांगितलं नाही, कोणी विचारलंही नाही.

हसतात ते मला कळतं. आमच्याकडे शिक्षांची चवीनं सांगण्यासारखी यादी होती. अंगठे धरणं ही किरकोळ बाब. पाठीवर पाटी ठेवून अंगठे धरायला लावले की ती मोठी शिक्षा. उभी पट्टी बोटांच्या पेरांवर, दोन बोटांत पेन्सिल घालून पिळणं, पोटाचा चिमटा, कान धरून उठाबशा. प्रत्येक शिक्षेवर आमचा तोडगाही होता. तळहाताला खोबरेल चोळलं की छडी सटकते. शाळेच्या वाटेवर दगडाखाली पान दाबून ठेवलं की गुरुजींना पाढे विचारायची आठवण होत नाही. पान रोज ठेवत होतो, आठवण रोज होत होती. तरी श्रद्धा ढळली नाही. घरी तक्रार करायची सोय नव्हती, कारण बापानेच पहिल्या दिवशी बोटाला धरून नेऊन सांगितलेलं असायचं, "गुर्जी, हाडं आमची, मांस तुमचं." ज्या पुस्तकाने अवघ्या महाराष्ट्राला रडवलं, त्या 'श्यामची आई'मध्येही पोहायला घाबरणाऱ्या श्यामला आई शिंपटीनेच झोडपते. आमचा हळवेपणासुद्धा असा मार खाऊनच वाढलेला.

आणि तरीही. संध्याकाळी मारुतीच्या पारावर कंदिलाच्या उजेडात परवचा चालायचा. पावकी, निमकी, पाऊणकी करत अडीचकीपर्यंत आलं की आवाज आपोआप खाली यायचे, कारण तिथे निम्म्यांची पाठांतराची शिदोरी संपायची. गुरुजी गावातच राहायचे. परवचा संपला की कोणाच्या तरी ओसरीवर टेकायचे. ज्या हातावर सकाळी वळ उठला, त्याच हाताने आम्ही त्यांना पाण्याचा तांब्या द्यायचो. ते तो घ्यायचे, हात उलटा करून वळ बघायचे आणि आईला सांगायचे, "तेल लावा रात्री." हे सूनबाईच्या मार्गदर्शकांना कसं समजावून सांगावं, मला माहीत नाही. मलाच ते नीट समजलेलं नाही.

आताचे गुरुजी, म्हणजे सर आणि मॅडम, मलकापूर नाहीतर बुलढाण्याहून अपडाऊन करतात. राजूर घाट उतरून यायचं, संध्याकाळी पुन्हा चढायचा. ओसरीवर टेकायला सवड कुठली? गावाचा आणि शाळेचा संबंध आता व्हॉट्सअ‍ॅपच्या गटापुरता. पण हेही खरं, की पोर दोन दिवस आलं नाही तर सूनबाई त्याच्या आईला फोन करते. आमचे गुरुजी दोन मोठी पोरं पाठवायचे, ती हात-पाय धरून गैरहजर प्राण्याला उचलून आणायची. संबंध घट्ट होता, यात शंका नाही.

पुढे मीही मास्तर झालो. डी.एड.ला बालमानसशास्त्र होतं. गिजुभाई बधेका आणि ताराबाई मोडक यांच्यावर टीप लिहा, हा प्रश्न हमखास. दोघांनी 1926 मध्ये नूतन बालशिक्षण संघ काढला, मुलाला भीतीपासून मोकळं करा असं जन्मभर सांगितलं, हे सगळं मी वळणदार अक्षरात लिहून आलो. गुणही चांगले पडले. नोकरीच्या पहिल्या दिवशी मुख्याध्यापकांनी खडूची पेटी, हजेरी आणि छडी अशा तीन वस्तू मोजून ताब्यात दिल्या. एका खोलीत दोन वर्ग, त्यात साठेक पोरं. ताराबाई आठवड्याभरात मागे पडल्या. मी किती मुलांना मारलं ते सांगता येणार नाही; मोजायचं काम मार खाणाऱ्यांकडे असतं. मीच वेगळा होतो असंही नाही. केंद्र सरकारने 2007 मध्ये 13 राज्यांतल्या मुलांची पाहणी प्रसिद्ध केली, त्यात महाराष्ट्रही होता. शाळेत जाणाऱ्या मुलांपैकी 65 टक्के मुलांनी शाळेत मार खाल्ल्याचं सांगितलं होतं.

मग 1 एप्रिल 2010 ला शिक्षणहक्क कायदा लागू झाला. त्याचं सतरावं कलम म्हणतं, मुलाला शारीरिक शिक्षा नको आणि मानसिक छळही नको. आमच्या शिक्षकखोलीत त्याचा अर्थ एका वाक्यात निघाला: "नोकरी सांभाळा, पोराला हात लावू नका." छडी कपाटावर गेली, तिथे तिच्यावर धूळ बसली. हातात तिच्या जागी काय धरायचं ते कोणी सांगितलं नाही. आधी मारताना निदान आम्ही मुलाकडे बघत होतो. आता मारायचं सोडलं आणि बघायचंही सोडलं. मागच्या रांगेतला पोरगा वर्षभर गप्प बसून वर चढायचा, त्याला काही येत नाही हे कळायला पाचवी उजाडायची. माझ्या नोकरीतली ती वर्षं मला छडीच्या वर्षांपेक्षा जास्त टोचतात. यावर वाद घालायला मी तयार आहे.

म्हणून सूनबाईच्या प्रशिक्षणाला मी वरवर हसलो, तरी आतून कान टवकारले होते. आमच्या वेळी प्रशिक्षणात झोप लागली तर लागली; आता त्या झोपेचाही फोटो गटावर पडतो. पण ती जे शिकून आली ते कामाचं निघालं. वर्गाचे नियम मुलांकडूनच काढून घ्यायचे आणि खाली प्रत्येकाचा अंगठा घ्यायचा. गोंधळ झाला की ओरडण्याऐवजी आवाज खाली आणायचा. चांगलं वागलेल्याचं नाव घेऊन, नेमकं काय चांगलं केलं ते सांगायचं. स्वतःला राग आला तर आधी दारात जाऊन दोन घोट पाणी प्यायचं. साताऱ्याच्या कुमठे बीटमध्ये विस्तार अधिकारी प्रतिभा भराडे यांनी शिक्षकांना बरोबर घेऊन भीतीविना शिकणारे वर्ग उभे केले, तेव्हा ते बघायला राज्यभरातून शिक्षकांच्या गाड्या भरून जात. मीही ऐकून होतो. वाटायचं, साताऱ्याची गोष्ट वेगळी, तिथे कृष्णेचं पाणी आहे. पण युगांडातला लुवेरो जिल्हा काही साताऱ्याहून सुखी नाही. तिथल्या 42 प्राथमिक शाळांतल्या निम्म्या शाळांत शिक्षकांबरोबर दीड वर्ष असंच काम झालं. शेवटी विचारलं, गेल्या आठवड्यात शिक्षकांचा मार खाल्ला का? इतर शाळांत सुमारे 49 टक्के मुलं हो म्हणाली, या शाळांत 31. हे 2015 मध्ये छापून आलं. दीड वर्ष खपूनही तिघांतला जवळजवळ एक मार खातोच आहे, असंही त्याच आकड्यातून वाचता येतं. आमचं मास्तरी मन तेच आधी वाचतं.

दोन वर्षांपूर्वी आम्ही शाळासोबत्यांनी मलकापुरात हॉल घेऊन स्नेहमेळावा केला. शेवभाजी, पुरी, आणि गुरुजींच्या आठवणी. एकेक जण उठून सांगे, त्यांनी मारलं म्हणून मी तलाठी झालो, त्यांनी मारलं म्हणून माझा मुलगा पुण्याला आहे. हसून हसून डोळ्यांना पाणी आलं. घरी परतताना बसमध्ये मला एक पोरगा आठवला. चौथीत होता. गुरुजींनी त्याला फोक आणायला पाठवलं आणि तो गेला. आम्ही खिडकीतून नाल्याकडे बघत बसलो. तास संपला, शाळा सुटली, तो आला नाही. पुढच्या आठवड्यात तो कोणाच्या तरी गुरांमागे दिसला आणि आम्हाला त्याचा हेवा वाटला. मेळाव्याला तो नव्हता. त्याचा नंबर कोणाकडेच नव्हता, आणि तो नाही हे कोणाच्या ध्यानातही आलं नाही. असे किती असतील? गुरुजींच्या मारामुळे आपण घडलो असं म्हणणारे सगळे हॉलमध्ये बसलेले होते.

मागच्या महिन्यात सूनबाईचा डबा घरी विसरला, तो द्यायला मी तिच्या शाळेत गेलो. दुसरीचा वर्ग जमिनीवर गोल करून बसला होता. मधोमध काड्यांचा ढीग, आणि मुलं दहा-दहा काड्या मोजून रबर लावत होती. दहा सुट्यांचा एक दशक. काड्या मुलांनीच नाल्यावरून आणलेल्या. वास आला तेव्हाच मी ओळखलं. माझा उजवा हात आपोआप मिटला, मग उघडला. एका पोरीच्या गठ्ठ्यातून मी एक काडी उपसून घेतली आणि दोन्ही हातांनी वाकवून बघितली. टोकं छान जवळ आली. चांगली होती.

"आजोबा," ती पोरगी हात पुढे करून म्हणाली, "इकडं द्या ना ते. माह्या दशकात एक कमी पडते."