लग्नात काय वाजवायचं?

कापूस विकून झाला, तूर-चणा घरात आला, की वर्धा जिल्ह्यात लग्नांची गर्दी उडते. पारा 45 अंशांकडे सरकत असतो, दुपारी रस्त्यावर कुत्रं दिसत नाही, आणि नेमक्या त्याच दिवसांत आपल्याला मांडव घालायचे असतात. यंदा हिंगणघाटच्या भाचीचं लग्न ठरलं. आचारी, पत्रिका, आहेराच्या साड्या अशी कामं वाटली गेली आणि गाणी माझ्या वाट्याला आली. "मामा, गाण्याचं तुमीच पहा. पण रडकं काही नका लावू," एवढी अट घालून भाची मोकळी झाली.

वही उघडली. हळद, परण्या, मंगलाष्टकं, पंगत, पाठवणी. एका दिवसात किती वेगवेगळे तास असतात! हळदीच्या वेळी घर सैल असतं, कुणी कुणाला ओरडलं तरी हसू येतं. नवरदेव परण्या निघून मारुतीच्या देवळाकडे जातो तेव्हा उन्हाला आणि मित्रांना सारखाच ताप चढलेला असतो. या सगळ्यांना एकच ठेका कसा पुरेल?

सनईवाल्यांना हे पूर्वीपासून ठाऊक. सकाळी तोडी, दुपार चढली की सारंग, गोरज मुहूर्त असेल तर मारवा नाहीतर पूरिया. हल्ली कार्यालयात पेनड्राइव्हमधली सनई लागते, आणि सकाळी दहाच्या चहाला संध्याकाळचा मारवा ऐकू येतो. कुणाचं काही बिघडत नाही, हे खरं. पण मारव्यात दिवस मावळतानाची एक हुरहूर आहे. ती पोह्यांच्या बशीबरोबर वाढू नये, असं माझं जुनाट मत आहे.

म्हणून जिवंत सनई शोधत एका म्हाताऱ्या वाजंत्र्याच्या दारी गेलो. बोलता बोलता त्यांनी सनई काढली. तोंडाशी दोऱ्याला दोन-तीन जास्तीच्या पत्त्या लटकत होत्या, सोबत एक बारीक सुई. एक पत्ती त्यांनी जिभेवर ठेवली आणि गप्प बसले. ती ओलावेपर्यंत मीही गप्प. मग ती बसवून एकच स्वर लावला, तोंड वाकडं केलं, पत्ती काढली, सुईने जरा उघडली, पुन्हा जिभेवर. "वैशाखात पत्ती लवकर वाळते भाऊ. पाणी घोट घोट लागते," ते म्हणाले. सुपारी ठरवताना मी पैशांचं विचारलं, मुहूर्ताचं विचारलं. पाण्याचं त्यांनाच सांगावं लागलं.

डफड्याचं बरोब्बर उलट. त्याला ओल सोसत नाही. तुळशीच्या लग्नानंतर जी लग्नं निघतात, त्यांत संध्याकाळची हवा ओलसर असते, चामडं सैल पडतं. मग मांडवामागे पऱ्हाट्या पेटवून पोरं डफडी शेकत बसतात, मधूनच बोटाने टिचकी मारून बघतात. उन्हाळ्यात ही कटकट नसते. ऊनच चामडं ताणून ठेवतं. त्यानंतर जो कडक, कोरडा आवाज निघतो, तो पोटात वाजतो.

या वाद्याबरोबर गावाचा एक जुना हिशेबही येतो. वाजवणारे ठरलेल्या जातीचे, उभे राहायचे मांडवाबाहेर, जेवायचे शेवटी. बाबासाहेबांच्या चळवळीत अनेकांनी गावकीची कामं टाकली, त्यात दुसऱ्याच्या दारी वाजवणंही टाकलं. 14 ऑक्टोबर 1956 ला बाबासाहेबांसोबत लाखोंनी बौद्ध धम्माची दीक्षा घेतली, ते नागपूर इथून अवघं 75 किलोमीटरवर. दीक्षा घेतलेल्या घरांतल्या लग्नात आता त्रिशरण-पंचशील होतं, जयमंगल अष्टगाथा म्हटली जाते आणि रात्री भीमगीतांनी मांडव दणाणतो. लग्नाचं संगीत सगळंच्या सगळं नव्याने ठरवणं म्हणजे काय, हे त्यांच्याकडे पाहावं. आपण फक्त गाण्यांची यादी बदलतो.

आणि आवाजच कमी करून पाहणारेही याच जिल्ह्यातले. 1936 साली गांधीजी सेगावात राहायला आले. तेच पुढे सेवाग्राम. ऑगस्ट 1945 मध्ये आयी तेंडुलकर आणि बेळगावच्या इंदुमती गुणाजी यांचं लग्न इथे गांधीजींच्या साक्षीने लागलं. दोघंही तुरुंग पाहून आलेले, वर्षानुवर्षं थांबलेले. आश्रमात बँड-बाजाचा प्रश्नच नव्हता. प्रार्थना हेच तिथलं गाणं. 1936 मध्येच तुकडोजी महाराज आश्रमात राहून गेले, त्यांच्या हातातल्या खंजिरीने त्या शांततेत ठेका धरला असणार. पुढे ग्रामगीतेत लग्नातल्या बडेजावाला त्यांनी चांगलंच फटकारलं. भाचीला हे सांगितलं तर म्हणाली, "खंजिरी चालन, पण डीजे पाह्यजे." तिचंही खरं. चोवीस वर्षांच्या पोरीने स्वतःच्या लग्नात नाचायचं नाही तर कधी?

तेव्हा डीजे ठरला. नागपूरकडची धुमाल पार्टी आणावी, असं नवरदेवाच्या मित्रांचं म्हणणं होतं, ते खर्चाने आपोआप मिटलं. रात्री दहानंतर स्पीकर बंद, हा 2000 सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांतला कायदा. त्यात वस्तीसाठी दिवसाची मर्यादा 55 डेसिबल आहे. वरातीतली एक पेटी ती पहिल्याच ठोक्याला ओलांडते. शेजारी कुणी आजारी आहे का, एवढं मात्र विचारून ठेवलं.

मंगलाष्टकांपाशी मी अडून बसलो. ती रेकॉर्डवर नको, आर्वीची आत्याच म्हणेल. शार्दूलविक्रीडित वृत्त, ओळीला एकोणीस अक्षरं, बाराव्यावर यती. आत्या आता सत्तरीची. यतीपाशी ती श्वास घेते तेव्हा मांडवातली कुजबुजही क्षणभर थांबते, अंतरपाट धरणाऱ्यांचे हात थोडे खाली येतात. कडव्याच्या शेवटी 'सावधान' आलं की अक्षता उडतात. शेवटच्या कडव्याला कुणीतरी एक मामा हात वर करून उभा असतो, आणि वाजंत्र्यांची नजर सगळा वेळ नवरा-नवरीवर नव्हे, त्या हातावर. हात पडला की सनई, डफडी, टाळ्या एकदम. त्या एका ठोक्यासाठी ते तासभर उन्हात उभे असतात.

पंगतीला काही वाजवायचं नाही असं ठरवलंय. माणसं वर्षानंतर भेटतात, त्यांना एकमेकांचं बोलणं ऐकू येऊ द्या. पाठवणीलाही काही नाही. रडकं नको, ही भाचीचीच अट.

तुमच्या घरी लग्न असेल तर गाणी तुमच्या आवडीची लावा, त्यात मी पडत नाही. फक्त वाजवणाऱ्यांसाठी सावलीत चार खुर्च्या आणि पाण्याचा माठ ठेवा, आणि त्यांना बुंदी संपल्यावर नव्हे, पहिल्या पंगतीला बसवा.