शेंद्र्याच्या पाट्या

जालना रोडने चिकलठाण्याचे विमानतळ मागे पडले की थोड्याच वेळात शेंद्र्याच्या कंपन्या दिसू लागतात. रुंद रस्ते, ऑरिक हॉलची इमारत आणि जिकडेतिकडे इंग्रजी पाट्या. दिल्ली-मुंबई औद्योगिक कॉरिडॉरमधल्या या ऑरिक शहराचे लोकार्पण ७ सप्टेंबर २०१९ रोजी झाले.

माझी आपा इथेच भाड्याच्या खोलीत राहते. दूल्हेभाई कंत्राटी कामगार आहेत. मशीनवरची इंग्रजी सूचना दुसऱ्याकडून वाचून घ्यावी लागते, ही त्यांची जुनी सल.

सहावीतला भाचा घरात दखनी बोलतो, शाळेत मराठी शिकतो, मौलवीसाहेबांकडे अरबी वाचतो. इंग्रजी मात्र तोंडातून निघत नसे. वर्गात एकदा ‘आयलंड’ऐवजी ‘इसलँड’ वाचले, मुले हसली आणि त्याने मोठ्याने वाचणेच सोडले.

मगरिबनंतर घरातला एकुलता एक फोन आपाच्या हाती येतो. त्यात गुगलचे ‘रीड अलाँग’ आहे. मार्च २०१९ मध्ये ते भारतात ‘बोलो’ या नावाने सुरू झाले होते. मूल मोठ्याने वाचते, फोन ऐकतो आणि अडलेला शब्द ‘दिया’ उच्चारून दाखवते. गोष्टी एकदा उतरवून घेतल्या की नेट लागत नाही.

“मामू, ये हसती नै,” भाचा म्हणाला.

पण त्याने अख्खे पान घडाघडा वाचले आणि मी अर्थ विचारला, तेव्हा तो गप्प. आपाने लगेच फोन बाजूला ठेवला. “अब आपनी बोली में बता.” अडखळत त्याने गोष्ट सांगितली, मग पुन्हा इंग्रजीत वाचली. अर्ध्या तासाने फोन फळीवर गेला. आपाला इंग्रजी येत नाही. पण जवळ बसणे, ऐकणे, विचारणे तिला येते.

याच जिल्ह्यातल्या गाडीवाटच्या जिल्हा परिषद शाळेतली मुले २०१९ पासून इंटरनेटच्या आधाराने जपानी शिकू लागली. त्यांनाही पुढे एका जाणकाराने ऑनलाइन धडे दिले. यंत्र उच्चार देते; अर्थापर्यंत पोहोचवायला माणूस लागतो.

रात्री दूल्हेभाईंनी खिशातून चिठ्ठी काढली. मशीनवरची अक्षरे त्यांनी बघून बघून उतरवली होती. भाच्याने एकेका शब्दावर बोट ठेवून वाचले, क्षणभर थांबला.

“अब्बा, मशीन चालू है तब झाकन नै खोलना.”

“इत्ताच था?” दूल्हेभाई म्हणाले, आणि चिठ्ठी पुन्हा नीट घडी घालून खिशात ठेवली.