ठासणीची बंदूक खाली उतरली



पंचायत समितीचा विस्तार अधिकारी (कृषी) म्हणून मी तुमच्या ओटीवर येऊन बसतो, तेव्हा माझी पहिली नजर कोनाड्याकडे जाते. तिथे फवारणीच्या औषधाची बाटली उघड्यावर दिसली की माझ्याने राहवत नाही. औषध कुलपात ठेवा, मुलांचा हात पोचेल असे ठेवू नका, रिकामी बाटली घरात वापरू नका, हे सांगण्यात माझी पंचवीस-तीस वर्षे गेली. आज सांगतो आहे ती गोष्ट मात्र माझ्याच घरातली आहे, आणि तीत मी काही शहाणा ठरत नाही.

आमचे घर सावंतवाडी तालुक्यात, डोंगराच्या अगदी पायथ्याशी. घराखाली भाताचे मळे, वर काजू. भात पोटरीत आले की रात्री डुकरे उतरतात. एका रात्रीत मळा लोळवून टाकतात. दिवसा माकडांची फौज. म्हणून आजोबांच्या वेळेपासून घरात ठासणीची बंदूक होती. पीक संरक्षणाचा परवाना आजोबांच्या मागे वडिलांच्या, म्हणजे बाबांच्या, नावावर आला.

ज्यांनी ही बंदूक पाहिली नसेल त्यांच्यासाठी सांगतो. हिला मागून उघडायची सोय नाही. सगळे तोंडातून भरायचे. आधी शिंगातली काळी दारू मापून नळीत ओतायची, वर सोडणाचा बोळा, मग लोखंडी गजाने ठासायचे. त्यावर शिशाचे छर्रे, पुन्हा बोळा, पुन्हा हलके ठासणे. शेवटी घोड्याखालच्या बोंडीवर तांब्याची इवलीशी टोपी बसवायची. आमच्याकडे तिला केप म्हणतात. घोडा केपावर आपटला की ठिणगी आत जाते आणि बार उडतो. सवयीच्या माणसालासुद्धा एक बार भरायला मिनिटभर लागते. तोवर डुकरे पलीकडच्या वाडीत.

शिवाय बार उडाला की काम संपत नाही. काळ्या दारूची काजळी नळीत राहते, ती ओल धरते आणि लोखंड खाते. म्हणून बाबा त्याच दिवशी कढत पाण्याने नळी धुवायचे, कोरडी करायचे, खोबरेलाचा बोळा फिरवायचे. त्यांच्या हातचे हे काम पाहत राहावे असे होते. जनावराला धुवावे तसे ते बंदुकीला धूत.

आता यातली गोम ऐका. भरलेली ठासणीची बंदूक सहजासहजी रिकामी करता येत नाही. एक तर बार उडवायचा, नाही तर गजाला मळसूत्र लावून बोळे उपसायचे. उगाच दारू कोण जाळणार? म्हणून भाद्रपद-आश्विनात आमची बंदूक भरलेलीच ओटीवरच्या खुंटीला असे. बाबा केप काढून ठेवत. केपांची डबी देव्हाऱ्याखालच्या फळीवर, उदबत्त्यांच्या पुड्यामागे. केप नाही म्हणजे बंदूक मेलेली, असा हिशेब. मीही तो मानला होता. पुडा हलवला की डबी हाताला लागते, हे बीएस्सी ॲग्रीकल्चर झालेल्या माणसाला सुचले नाही!

२०१६ सालची चतुर्थी. मुंबईहून धाकटा भाऊ मुलाबाळांसकट आला होता. पुतण्या नऊ वर्षांचा, पुतणी सहाची. दुपारची जेवणे झाली, आरती रात्री, मोठी माणसे जरा आडवी झाली होती. आई पडवीत नारळ खवत होती. तिला ओटीवरून पोराचा आवाज आला, "हात वर कर, नाहीतर मारीन." खेळतात पोरे, म्हणून तिने लक्ष दिले नाही. मग चट् असा आवाज झाला.

मी उठून धावलो. पोरगा बाकावर उभा होता, बंदुकीचा दस्ता काखेत, नळी बहिणीकडे. पोरगी हात वर करून हसत उभी होती. आरतीसाठी उदबत्ती आणायला गेलेल्या पोराला डबी सापडली होती. घोडा कसा ओढायचा ते त्याने आदल्या वर्षी आजोबांना पाहून लक्षात ठेवले होते. केप फुटली होती, आतला बार उडाला नव्हता.

अशा वेळी बार उशिरानेही उडू शकतो. मी पोराच्या हातातून बंदूक घेतली आणि नळी अंगणापलीकडच्या दरडीकडे धरून उभा राहिलो. किती वेळ ते सांगता येणार नाही. नंतर बोंडीतून आणि नळीतून पाणी ओतले आणि गजाला मळसूत्र लावून बोळे उपसले. खाली दारूचा चिखल निघाला. चार दिवसांच्या झडीत ती ओलावली होती. जी ओल बाबा जन्मभर शिव्या घालत आले, तिनेच त्या दिवशी घर राखले.

त्या रात्री बाबा जेवले नाहीत. मी काडतुसाच्या बंदुकीची गोष्ट काढली तेव्हा मात्र एकदम तापले. "मी इतकी वर्सां ठासतंय, माका शिकवतस?" म्हणाले. पुढचे सहा महिने बंदूक खुंटीवर रिकामी होती आणि हा विषय घरात कोणी काढत नव्हते. शिमग्याच्या सुमारास एका सकाळी त्यांनीच विचारले, "त्या परवान्याचा काय करूचा?"

परवान्याचे सांगतो, कारण तुमच्यापैकी पुष्कळांकडे अशी बंदूक आहे. १९५९ च्या शस्त्र कायद्यात पीक संरक्षणासाठी ठासणीची बंदूकच मुख्यत्वे धरली आहे. पण तेरावे कलम असेही म्हणते की, ठासणीची पुरी पडणार नाही अशी परवाना अधिकाऱ्याची खात्री झाली, तर किमान वीस इंच नळीची दुसरी गुळगुळीत नळीची बंदूक देता येते. २०१६ च्या शस्त्र नियमांप्रमाणे परवानाधारकाची सत्तरी झाली की तो हयातीतच वारसाला नेमू शकतो. बाबा तेव्हा ७६ चे होते. अर्ज, पोलिसांची चौकशी, हाताळणीच्या प्रशिक्षणाचा दाखला, शस्त्र सुरक्षित ठेवण्याची हमी, सगळे झाले. एका टेबलावर कागद नऊ महिने निजला होता, त्याची कथा वेगळी. परवाना आता पाच वर्षांचा असतो, पूर्वी तीन वर्षांचा होता.

२०१८ साली एकनळी बारा बोअरची बंदूक घरी आली, आणि ठासणीची परवानाधारक विक्रेत्याकडे गेली. बारा बोअर म्हणजे काय, हे मलाही तेव्हाच कळले. एक पौंड शिशाच्या सारख्या बारा गोळ्या केल्या, तर त्यातली एक ज्या नळीत नेमकी बसेल ती नळी बारा बोअरची. काडतूस प्लॅस्टिकचे, बुडाला पितळ. दारू, छर्रे, केप सगळे त्यात बंद, त्यामुळे पावसाळी हवेची तितकी धास्ती नाही. कळ दाबली की बंदूक मध्ये मोडते, काडतूस सरकवले की तयार. आणि मोठी गोष्ट, तितक्याच सहज ते बाहेर निघते. मात्र ही काडतुसे लालभडक असतात, पोरांना खेळण्यासारखी वाटतील अशी. बंदूक एका कुलपात, काडतुसे दुसऱ्यात, आणि दोन्ही किल्ल्या माझ्याकडे. किल्ल्यांची जागा सौ.लाही सांगितलेली नाही, याबद्दल तिची तक्रार आहे.

पण नव्याचाही एक दोष सांगितला पाहिजे. पहिल्याच आठवड्यात माकडे आली आणि त्यांना हुसकायला मी डोंगराच्या बाजूला लागोपाठ तीन बार काढले. बाबा खळ्यात बसून ऐकत होते. "एका बारान काम झाला असता," एवढेच म्हणाले. खरेच होते ते. माकडे पहिल्याच आवाजाला पळाली होती. पुढचे दोन बार मी माझ्या हौसेसाठी काढले. भरायला मिनिट लागत होते तेव्हा माणूस आधी विचार करी. जंगली डुक्कर मारायचे तर वनखात्याची परवानगी आधी लागते, माकडा-वानरावर नेम धरायचाच नाही. मग बंदुकीचे बरेचसे काम आवाजाचेच उरते. आता मी एकच काडतूस खिशात घेऊन मळ्यात जातो.

बाबा आता ८५ चे आहेत, नजर अधू झाली आहे. राखणीवरून परत आलो की मी बंदूक मोडून त्यांच्या हातात देतो. ते नळी दिव्याकडे धरतात, एक डोळा मिटतात आणि म्हणतात, "उजवाड दिसता." मग मी ती कुलपात ठेवतो.

दारूचे जुने म्हशीचे शिंग त्यांनी दिले नाही. आईने ते चार वेळा धुऊन उन्हात वाळवले. सध्या त्यात राखेत घोळलेले पडवळाचे बी आहे, आणि मृगाला ते पेरायचे आहे.