कॉक फिरवून बघ

निगडी प्राधिकरण

चि. सौ. भाचीस,


वास्तुशांतीला आलो तेव्हा तुमचं घर मनापासून आवडलं. पंगत उठल्यावर मी सिंकखाली वाकून काय बघतोय, असं तू दोनदा विचारलंस. पाहुण्यांसमोर सांगणं बरं वाटलं नाही, म्हणून आता लिहितो. तिथला अँगल कॉक माझ्याच्याने फिरला नाही. ताबा मिळून जेमतेम वर्ष झालं आणि तो आत्ताच जाम आहे.

तू चाकणच्या कारखान्यात मेंटेनन्स बघतेस. शिफ्ट सुरू होताना ऑपरेटर मशीन पुसतो, तेल घालतो, नट तपासतो. तुमच्याकडे त्याला जेएच, म्हणजे जिशु होझेन, म्हणतात. पद्धत जपानची; ती ज्या व्यवस्थेचा भाग आहे तिच्यासाठी निप्पॉन्डेन्सो कंपनीला १९७१ साली बक्षीस मिळालं होतं. पुसताना मशीनला हात लागतो आणि सैल झालेला नट, नवा ओलावा, वाढलेली थरथर त्या हाताला आधी कळते. तीस वर्षं पिंपरीत मीही हेच काम केलं. घरात मात्र केलं नाही. त्याचं काय झालं ते तुझ्या आईलाही मी पुरतं सांगितलेलं नाही.

आमच्याकडे २५ नोव्हेंबर २०१९ पासून दिवसाआड पाणी आहे. पवना धरणातून सोडलेलं पाणी नदीतून रावेतच्या बंधाऱ्यापर्यंत येतं, तिथून उचलून निगडीच्या सेक्टर २३ मध्ये शुद्ध होतं आणि मग घरोघर जातं. आठ बिऱ्हाडांची आमची इमारत मधला दिवस गच्चीवरच्या टाकीवर काढते. अशाच एका कोरड्या दिवशी रात्री आमच्या बेसिनखालची नळी फुटली. अँगल कॉक हलेना. बाथरूममधला मेन कॉक नऊ वर्षांत कोणी फिरवलाच नव्हता; जोर लावला तर त्याची मूठच हातात आली. गच्चीची किल्ली ज्यांच्याकडे, ते गावाला गेलेले. कुलूप तोडून वरचा व्हॉल्व्ह बंद करेपर्यंत टाकी तळाला गेली होती, आणि खालच्या हौदातही चढवायला पाणी नव्हतं. खालच्या मजल्यावर बारा दिवसांची बाळंतीण होती. सकाळी त्या घरच्या काकू हंडा घेऊन शेजारच्या सोसायटीत गेल्या. मला एका शब्दाने बोलल्या नाहीत. ते मला अजून लागून राहिलं आहे. नळी बदलायला वीस मिनिटंसुद्धा लागली नाहीत.

कॉक न वापरल्यानेच बिघडतो. पाण्यातले क्षार त्याच्या आट्यांवर बसतात आणि न फिरवता वर्षं गेली की घट्ट होऊन बसतात. दर दोन महिन्यांनी घरातला प्रत्येक कॉक पूर्ण बंद कर, पूर्ण उघड आणि मग पाव फेरा मागे घे. जो हलणार नाही त्याच्याशी झटापट करू नकोस. गच्चीवरचा व्हॉल्व्ह बंद करून प्लंबरकडून तो बदलून घे.

तुमच्याकडे पाणी बोअरचं आणि टँकरचं. बादलीच्या कडेचा पांढरा थर मी पाहिला. पाणी जितकं जास्त तापेल तितका हा थर गिझरच्या कॉइलवर भरभर बसतो, म्हणून थर्मोस्टॅट ५० ते ५५ अंशांवर ठेव. गिझरच्या टाकीत मॅग्नेशियमचा एक दांडा असतो. तो स्वतः झिजतो आणि टाकीला गंजू देत नाही. वर्षातून एकदा मेकॅनिककडून तो आणि सेफ्टी व्हॉल्व्ह तपासून घे. नळाच्या तोंडाची जाळी आणि शॉवर रात्रभर लिंबूसत्वाच्या पाण्यात ठेवले की भोकं मोकळी होतात.

फ्लशची गळती कानाला कळत नाही. टाकीत चिमूटभर खायचा रंग टाक आणि पंधरा मिनिटं फ्लश करू नकोस. भांड्यात रंग उतरला तर आतलं रबर गेलेलं आहे. टँकरचं विकतचं पाणी तिथून रात्रंदिवस वाहून जातं गं.

भज्यांची कढई त्या दिवशी तू तशीच सिंकमध्ये धुतलीस. आधी रद्दी कागदाने पुसून घेत जा आणि चहाचा चोथा कुंडीत टाक. तुंबलंच तर खाली बादली ठेवून बॉटल ट्रॅप हातानेच उघडतो. ॲसिड ओतू नकोस. ॲसिड आणि ब्लीचिंग पावडर एकत्र आली की क्लोरीन वायू सुटतो आणि बंद बाथरूममध्ये तो जिवावर बेतू शकतो. कामाला येणाऱ्या मावशींनाही हे नीट समजावून सांग. पाहुण्यांचं बाथरूम रिकामं असतं, तिथल्या नहाणी ट्रॅपमध्ये आठवड्याला तांब्याभर पाणी ओत. ट्रॅपमधलं पाणी आटलं की वास आणि झुरळं वर येतात.

बाकीचं सवडीने कर. हे पत्र वाचून झालं की जावईबापूंना घेऊन आधी तुमच्या घराचा मेन कॉक कुठे आहे ते शोध आणि मला फोन कर. तो बंद केल्यावर स्वयंपाकघरातला नळ खरोखर कोरडा पडला का, तेही सांग.

तुझा,
मामा